घोडी नव्या घोड्याला जवळ येऊ देत नाही

प्रश्न : आमच्याकडे चांदणी नावाची नऊ वर्षांची भीमथडी घोडी आहे. सात महिन्यांचं शिंगरू असताना आणली, तेव्हापासून शेतावर एकटीच आहे. तिला सोबत म्हणून यंदा सारंगखेड्याच्या यात्रेतून बादल हा चार वर्षांचा मारवाडी घोडा घेतला. तो दीड वर्षापूर्वी खच्ची केलेला आहे. यात्रेत इतर घोड्यांच्या रांगेत अगदी शांत उभा होता. आणल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांना काटेरी तारेच्या दोन गुंठ्यांच्या वाड्यात मोकळं सोडलं आणि मधल्या गव्हाणीत चंदी (धान्याचा खुराक) टाकली. चांदणीने त्याला कोपऱ्यात दाबून दुगाण्या झाडल्या. त्याच्या मागच्या पायाला, गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूने लहान जखम आहे, थोडं लंगडतो. आता दोघं शेताच्या दोन टोकांना बांधलेत. चांदणी दिवसभर खिंकाळते, बादल धड खात नाही. कुणी म्हणतं घोडी मारकी आहे, विकून टाका. कुणी म्हणतं, दोघांना शेजारी अगाडी-पिछाडीत (पुढून-मागून दोऱ्यांनी) बांधा, आठ दिवसांत सवय होते. काय करावं?
– एक शेतकरी, बारामती तालुका

उत्तर : सगळ्यात आधी बादलचा पाय. बाकीचं सगळं थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. तुम्ही लिहिलेल्या जागी हाडावर मांस नसतंच, कातडीच्या खाली थेट हाड लागतं. त्या ठिकाणी लाथ बसली की वरून जखम दोन बोटांची दिसते आणि आत हाडाला केसासारखी बारीक चीर गेलेली असू शकते. अशी चीर गेलेला घोडा थोडासाच लंगडतो, चार दिवसांनी बरा झाल्यासारखा वाटतो आणि मग एके दिवशी खाली बसून उठताना हाड दुभंगतं. म्हणून आजच पशुवैद्यकांना बोलवा आणि एक्स-रेची सोय कुठे होईल ते विचारा. तो होईपर्यंत बादलला फिरवू नका, धावू देऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का तेही पाहा. धनुर्वाताच्या बाबतीत घोड्याइतकं नाजूक जनावर दुसरं नाही आणि लहान, खोल जखमेतून तो सहज होतो. जखम सांध्याजवळ असेल आणि त्यातून पिवळसर, चिकट पाणी येत असेल, तर उद्यापर्यंतही थांबू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. चांदणी मारकी नाही. तिला विकू नका. त्या संध्याकाळी जे झालं ते बहुतेक कुठल्याही घोडीने केलं असतं, कारण मांडणीच तशी होती. घोड्यांचं भांडण जिंकण्याने मिटत नाही, एकाने बाजूला होण्याने मिटतं. कळपात मोठी घोडी कान मागे पाडते, दुसरा चार पावलं सरकतो, विषय संपतो. दाताला किंवा खुराला कामच पडत नाही. पण सरकायला जागा हवी. दोन गुंठ्यांत, कोपऱ्यात, काटेरी तारेला टेकून उभा असलेला बादल सरकणार कुठे? चांदणीला मात्र दिसत होतं ते इतकंच, की हा सांगूनही हलत नाही. म्हणून तिने आवाज चढवला.

त्यात तिच्या वाढण्याची भर आहे. धनगरांच्या फिरत्या तळाबरोबरच्या घोड्यांमध्ये वाढलेलं शिंगरू पहिल्या वर्ष-दोन वर्षांत आई, मावश्या आणि बरोबरीची शिंगरं यांच्याकडून सगळे रीतिरिवाज शिकतं. मोठ्यांसमोर मान खाली घालून, तोंडाने टाळ्या वाजवल्यासारखे जबडे हलवत ‘मी लहान आहे’ म्हणणं, किती जोरात चावलं की समोरचा खेळ सोडून जातो, कुणाच्या मागून जायचं नाही. चांदणी सात महिन्यांची असताना हे शिक्षण तुटलं. माणसाची भाषा ती उत्तम शिकली असेल, घोड्याची अर्धीच राहिली. ती आता शिकता येते, फक्त वेळ जास्त लागतो.

यात्रेतल्या शांतपणावरही विसंबू नका. दत्तजयंतीच्या सुमाराला तापीकाठी ओळीने बांधलेले घोडे दमलेले असतात, लांबून आलेले असतात आणि पुढून-मागून जखडलेले असतात. बांधलेल्या घोड्याला काही म्हणता येत नाही, म्हणून तो गप्प दिसतो. शेजारी अगाडी-पिछाडीत बांधण्याचा सल्लाही म्हणूनच पटत नाही. एकमेकांना पाहण्याची सवय होते, एवढं त्यात खरं आहे. पण ज्याला भीती वाटते त्याला दूर जाता येत नाही, ज्याला राग येतो त्याला इशारा देता येत नाही, आणि दावं तुटलं किंवा सोडलं की साठलेलं सगळं एकदम बाहेर येतं. मागचे पाय बांधलेला घोडा धडपडला तर सांध्याला इजा होते ती वेगळीच.

दोघांना एकत्र आणायला साधारण सहा आठवडे धरा. यातले पहिले तीन रोगाच्या काळजीचे. हजारो घोड्यांच्या यात्रेतून आलेलं जनावर घरच्या जनावरात तीन आठवडे मिसळायचं नसतं. ते आधीच एकदा मिसळलं आहे, तर आता नजर दोघांवर ठेवा. सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप वहीत लिहा. ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट ठीक, त्याच्या वर गेला तर डॉक्टर. नाकातून घट्ट स्राव, खोकला, जबड्याखाली सुजलेल्या गाठी, पायावर किंवा अंगावर फुटणारे फोड, यांतलं काहीही दिसलं तर हात न लावता फोन करा. ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गासाठी रक्ताचा नमुना देता येतो का, हे दवाखान्यात नक्की विचारा. हा रोग माणसालाही होतो, आणि त्याची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगासाठीही याच वेळी रक्त तपासून घ्या. तोवर दोघांच्या बादल्या, खरारे (अंग घासायचे ब्रश), मोरख्या (तोंडावरचे पट्टे) वेगळ्या. आधी चांदणीचं काम, मग बादलचं, मग साबणाने हात.

पण वेगळं ठेवणं म्हणजे नजरेआड ठेवणं नव्हे. आत्ता ते शेताच्या दोन टोकांना आहेत आणि चांदणी खिंकाळते आहे, त्याचा अर्थ तिला तो हवा आहे. सात महिन्यांची असल्यापासून पहिल्यांदाच तिला दुसरा घोडा दिसला. बादलला अशा जागी हलवा की दोघं एकमेकांना सतत पाहू शकतील, पण तीस-चाळीस मीटर अंतर राहील. त्याचं खाणं बहुधा एवढ्यानेही सुधारेल. सुधारलं नाही तर पोटाचा आणि दातांचा विचार करावा लागेल. प्रवास, यात्रा, उपाशी तास आणि नुसती चंदी यांनी घोड्याच्या जठरात व्रण होतात. त्याच्यापुढे वैरण तुटू देऊ नका. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा-सात किलो सुकी वैरण लागते, आणि ती दोन वेळा ढिगाने टाकण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडी थोडी दिलेली बरी.

हे तीन आठवडे जागा तयार करण्यात घालवा. खरी मेहनत इथेच आहे. घोड्यांच्या आवाराचा आकार आणि मारामाऱ्या यांचं नातं मोजलं गेलं आहे. घोड्यामागे साधारण ३३० चौरस मीटर, म्हणजे सव्वातीन गुंठे मिळाले की मारामाऱ्या जवळजवळ थांबतात. हा आकडा आधीपासून ओळख असलेल्या घोड्यांना पुरेल. नव्या जोडीला मी पंधरा गुंठे सांगेन. एखादं पीक निघालेलं, दगड वेचलेलं, सपाट रान यासाठी द्या. ही जागा चांदणीच्या नेहमीच्या वाड्याहून वेगळी असावी, म्हणजे तिला घर राखायचं कारण उरत नाही.

काटेरी तार काढा. पळणारा घोडा ती पाहतच नाही, आणि पाय अडकला तर ओढून मांस सोलून काढतो. लाकडी वासे, जाड बांबू किंवा जीआय पाइप चालतील, वरचा आडवा साडेचार फुटांवर. झटका मशीन वापरणार असाल तर बारीक तार न घेता पांढरी रुंद पट्टी घ्या, ती लांबून दिसते. दोघांच्या मधल्या कुंपणावर मात्र झटका नको. नाकाला नाक लावताना झटका बसला तर घोडा त्याचा संबंध कुंपणाशी लावत नाही, समोरच्या घोड्याशी लावतो.

कोपरे मोडा. प्रत्येक कोपऱ्यात दहा-बारा फूट लांबीचे दोन-तीन बांबू तिरके बांधा, म्हणजे कुंपणाच्या कडेने धावणारा घोडा वळून बाहेर पडतो, अडकत नाही. एका दाराची शेड आत असेल तर सुरुवातीला बंद ठेवा किंवा तिला समोरासमोर दोन तोंडं करा. पाण्याची दोन घमेली, एकमेकांपासून लांब, आणि दोन्ही मोकळ्यावर, कडेला नाहीत.

तीन आठवडे निरोगी गेले आणि बादलचा पाय बरा झाला की वास सुरू करा. त्याची थोडी लीद तिच्या आवारात, तिची त्याच्या. घोडे लिदीवरून बरंच वाचतात. चांदणी हुंगून वरचा ओठ उलटा करेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, वास आत ओढण्याची ती पद्धत आहे. मग दोन माणसांनी दोघांना हातात धरून शेताच्या रस्त्याने रोज वीस मिनिटं फिरवायचं, सुरुवातीला दहा मीटर अंतर ठेवून. कधी हा पुढे, कधी ती. बरोबर चालणं ही घोड्यांची जुनी सवय आहे आणि त्यात एकमेकांकडे रोखून पाहावं लागत नाही. अंतर हळूहळू कमी करा, पण हातात दोरी असताना नाकाला नाक लावू देऊ नका. नव्या घोड्याला हुंगल्यावर किंचाळून पुढचा पाय झाडणं ठरलेलं असतं, आणि तो पाय तुमच्या गुडघ्यावर किंवा डोक्यावर बसतो.

पुढचे पाच-सहा दिवस शेजारशेजारच्या आवारात, मधे एकच भक्कम कुंपण. इथे ते पहिल्यांदा नीट भेटतील आणि हे बारकाईने बघण्यासारखं असतं. दोघांच्या माना कमानीसारख्या ताणतात, नाकपुड्या जुळतात, एकमेकांच्या नाकात श्वास सोडतात. मग एक चिरकी किंचाळी, पाय आपटणं, दोघं मागे. अर्ध्या मिनिटात पुन्हा नाकं जुळतात. असं दहा-वीस वेळा होईल आणि दर वेळी किंचाळी थोडी लहान होईल. कुंपणाला पाठ लावून लाथा मारत राहणं कमी झालं आणि दोघं कुंपणाच्या जवळ उभे राहून वैरण खाऊ लागले, की पुढे जा. चौथ्या दिवशी झालं तर चौथ्या दिवशी, पंधराव्या दिवशी झालं तर पंधराव्या. त्याच काळात बादलला रोज तासभर नव्या मोठ्या आवारात एकट्याला सोडा. कुंपण कुठे आहे, वळायचं कुठे, हे त्याच्या अंगात भिनायला हवं.

सोडायच्या आदल्या दिवशी नालबंदाला बोलावून दोघांचे मागचे नाल काढून घ्या आणि खुरांच्या कडा गोल करून घ्या. मोकळ्या खुराची लाथही लागते, पण नालाच्या लाथेने हाड मोडण्याचा धोका कितीतरी वाढतो. नायलॉनची मोरखी अंगावर राहू नये. दुसऱ्याचा दात किंवा खूर त्यात अडकतो आणि ती तुटत नाही.

सोडताना सकाळची वेळ घ्या, जमीन कोरडी, दोघांची पोटं भरलेली. दिवस हाताशी असला पाहिजे, तुम्ही पहिल्या वेळी संध्याकाळ निवडली होती ती चूक पुन्हा नको. आवारात हिरव्या चाऱ्याचे तीन ढीग ठेवा, एकमेकांपासून दहा-बारा मीटरवर. घोडे दोन आणि ढीग तीन, कारण एकाने हुसकावलं तर दुसऱ्याला जायला तयार ठिकाण हवं. चंदी अजिबात नको. वैरणीवरून घोडे क्वचितच भांडतात, चंदीवरून हमखास भांडतात. तुमच्याकडे तेच झालं, मधल्या एका गव्हाणीत चंदी टाकली आणि भांडणाला विषय मिळाला. पुढेही कायम चंदी वेगवेगळं बांधून किंवा तोबऱ्यातच (तोंडाला बांधायच्या पिशवीत) द्या, आणि दोघांचं खाऊन झाल्यावरच सोडा.

दोघांना आवाराच्या दोन बाजूंनी आत न्या. मोरखी काढण्याआधी घोड्याचं तोंड दाराकडे, तुमच्याकडे वळवा आणि मग काढून मागे सरका. उलटं उभं करून सोडलं तर तो उसळून निघताना मागचे पाय तुमच्या तोंडाशी झाडतो. मग बाहेर या, आणि बाहेरच थांबा.

पहिला अर्धा तास गोंगाटाचा असेल. कान पाडणं, मान सापासारखी लांब करून अंगावर जाणं, दात दाखवणं, मागचा एक पाय उचलून धरणं, शेपटी फटकारणं, पाच-पन्नास पावलं पाठलाग, केस गेलेला एखादा चाव्याचा वळ. हे सगळं बोलणं आहे, ते होऊ द्या. यातल्या कशासाठीही चांदणीला मारू नका, ओरडू नका. इशारा दिला म्हणून मार बसलेली घोडी इशारा देणं सोडते आणि पुढच्या वेळी थेट लाथ घालते. अशी जनावरं सुधारायला फार अवघड जातात.

काळजीचं वेगळं दिसतं. समोरचा वळून निघून गेला तरी पाठलाग थांबत नाही. मुद्दाम मागे मागे सरकत जाऊन दोन्ही पायांनी लाथा. मान किंवा पुढचा गुडघा दातात धरून न सोडणं. दहा-पंधरा मिनिटं सलग धाव आणि घामाने निथळणं. तास उलटला तरी एकाला पाण्यापर्यंत पोचू न देणं. असं झालं तर मधे जाऊ नका, कितीही जीव तुटला तरी. दार उघडा, बाहेरून लांब काठी आणि रिकाम्या डब्याचा आवाज वापरून दोघांत अंतर पाडा, ज्याला बाहेर यायचं त्याला येऊ द्या. मग चार-पाच दिवस पुन्हा कुंपणाआड.

ठीक चाललं तर पहिल्या दिवशी दोन तास पुरेत. रोज वेळ वाढवा, आठ-दहा दिवस रात्री वेगळे ठेवा. रात्र एकत्र कधी काढू द्यायची हे घोडेच दाखवतात. दोघं उलटसुलट तोंडं करून उभे राहतात आणि एकमेकांच्या मानेच्या बुडाशी, खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर दातांनी खाजवतात. त्या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. तुम्हीही चांदणीला थोपटण्याऐवजी तिथे बोटांनी खाजवून बघा. दुसरी खूण झोपेची. घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि पहाऱ्याला कुणी नसेल तर पुष्कळ घोडे आडवे होत नाहीत. चांदणीच्या पुढच्या पायांच्या खालच्या सांध्यावर, समोरच्या बाजूला, जुने खरचटल्याचे डाग आहेत का पाहा. उभ्या उभ्या झोप लागून गुडघ्यावर कोसळणाऱ्या घोड्यांना ते होतात. सोबत मिळाल्यावर असे डाग पुष्कळदा भरून येतात.

कोण मोठं ठरलं याची फार चिंता करू नका. चाऱ्यावर एक मोठा असतो, पाण्यावर कदाचित दुसरा, आणि रानात आधी कोण चालू लागतो हे तिसरंच असतं. उंचीने बादल मोठा असला तरी घर चांदणीच चालवेल असं तुमच्या पत्रावरून वाटतं. फक्त दर पंधरा दिवसांनी बादलच्या बरगड्यांवरून हात फिरवा. तो वाळत असेल तर चौथा ढीग घाला.

फेब्रुवारी-मार्चपासून चांदणी साधारण २१ दिवसांच्या फेऱ्याने माजावर येईल, पाच-सात दिवस. त्या दिवसांत ती किंचाळेल, बादलच्या मागे राहील किंवा त्याला हाकलेल, आणि तो खच्ची असूनही कदाचित अंगावर चढू पाहील. पहिल्या दोन माजांच्या वेळी रात्री वेगळे ठेवा, म्हणजे पुरे. जोडी पहिल्यांदा मोकळी सोडण्याचा दिवस मात्र माजाच्या आठवड्यात धरू नका.

एक अडचण नंतर येते आणि ती आत्ताच टाळता येते. दोनच घोडे असले की ते एकमेकांना इतके चिकटतात की एकाला बाहेर काढलं तर दुसरा कुंपण तोडतो. म्हणून एकत्र राहायला लागल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज एकाला पाच मिनिटं नजरेआड न्या. राहिलेल्यापुढे वैरण हवी. तो खिंकाळून पुन्हा खाऊ लागला की मगच परत आणा. मग दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग तासभर. एक दिवस हा जाईल, दुसऱ्या दिवशी ती.

हे सगळं करूनही दोन महिन्यांत मोकळं सोडणं जमलं नाही, तर शेजारशेजारची आवारं आणि मधलं भक्कम कुंपण हीच कायमची सोय करा. कुंपणावरून नाक लावता येणं, खाजवता येणं, रात्री दुसऱ्याचा श्वास ऐकू येणं, यावरही चांदणीचा आजवरच्यापेक्षा खूप चांगला निभाव लागेल. आवारं आखताना दोन्हीची सावली आणि वैरणीची जागा त्या मधल्या कुंपणाच्याच बाजूला ठेवा.